टिटवं कोणी धरायचं

२८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात जोतीराव फुले वारले आणि अंत्ययात्रा निघायच्या वेळी दारात एक वाद उभा राहिला. टिटवं कोणी धरायचं? टिटवं म्हणजे विस्तव घातलेलं लहानसं मडकं. ते धरून तिरडीच्या पुढं चालणारा तो अग्नी देणारा, अग्नी देणारा तो वारस, ही साखळी तेव्हा कुणाला समजावून सांगावी लागत नव्हती. मुलगा यशवंत हजर होता, पण तो फुले दांपत्याच्या पोटचा नव्हता. एका फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवेला या घरानं आसरा दिला, तिचं बाळंतपण केलं आणि १८७४ मध्ये तिचं मूल आपलं म्हटलं. तो हा यशवंत. भाऊबंदांनी हक्क सांगितला तो याच मुद्द्यावर. दत्तकाचा हात चालणार नाही, रक्ताचा माणूस हवा. तेव्हा सावित्रीबाई पुढं झाल्या आणि टिटवं त्यांनी स्वतः धरलं. हा प्रसंग एरवी एका बाईच्या धैर्याची गोष्ट म्हणून सांगितला जातो, आणि ती तशी आहेच. पण नातं म्हणजे काय, हा या पुस्तकाचा प्रश्न मनात ठेवून पाहिलं तर त्या दारात दुसरंही काही चाललेलं दिसतं. शास्त्राला दत्तक हवा तो आपल्या जातीतला. यशवंत तसा नव्हता. जोतीरावांनी १८८७ मध्येच मृत्युपत्र करून यशवंतला वारस नेमलं होतं, म्हणजे पुढं काय होणार याचा त्यांना अंदाज असावा. एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला नोंदवलेला कागद, आणि मधे ती बाई, जिचं मयताशी रक्ताचं नातं नव्हतं आणि जिला टिटवं धरायची रीतही नव्हती. तरीही त्या घटकेला तिचाच हक्क खरा ठरला, कारण तिनं तो बजावला आणि जमलेल्यांनी तो बजावू दिला.

मराठीत नात्यांच्या तीन फळ्या आहेत. वर सगे, मधे सोयरे, खाली मानलेले. सगा रक्ताचा, सोयरा लग्नानं आलेला. मानलेला भाऊ किंवा मानलेली बहीण म्हटलं की ऐकणाऱ्याच्या भुवया किंचित वर जातात. ‘मानलेलं’ या शब्दातच काहीतरी कमी असल्याची कबुली आहे: खरं नाही, पण आपण धरून चालू. मानववंशशास्त्रानं गेल्या दीडशे वर्षांत या फळ्यांचं जे केलं ते थोडक्यात सांगायचं तर असं. आधी त्या जगभर ठोकून पाहिल्या, मग त्या नीट बसत नाहीत म्हणून लोकांनाच दोष दिला, आणि शेवटी फळ्याच काढून ठेवल्या. मला जे मांडायचं आहे ते याच्या एक पाऊल पुढचं आहे. खालच्या फळीची रीतच वरच्या दोन्ही फळ्यांवर चालते. सख्खं नातंसुद्धा कुणीतरी मानावं लागतं. विधीनं, वागण्यानं, कागदानं किंवा कोर्टानं. प्रश्न एवढाच की मानायचा अधिकार कोणाचा. आणि तो अधिकार आजवर कोणाकडे होता हे शोधायला निघालं की पहिल्याच वळणावर लिंगभावाचा प्रश्न गाठ घालतो.

या शास्त्राचा आरंभच मोठा गमतीचा आहे. न्यूयॉर्क राज्यातला एक वकील, लुईस हेन्री मॉर्गन, शेजारच्या सेनेका लोकांत मिसळला. काकालाही ‘वडील’ म्हणणारी त्यांची भाषा ऐकून चकित झाला, आणि जगभरच्या नातेवाचक शब्दांची कोष्टकं गोळा करत १८७१ मध्ये त्यानं नातेसंबंधांवरचा पहिला मोठा ग्रंथ काढला. प्रगत समाजाचे शब्द रक्ताच्या खऱ्या नात्यांबरहुकूम असतात आणि मागासांचे ती नाती एकत्र कालवतात, असा त्याचा एकूण सूर. गंमत अशी की त्याच सेनेकांनी विधी करून या माणसाला आपल्या कुळात दत्तक घेतलेलं होतं. ज्या दारातून तो आत गेला ते दारच मानलेल्या नात्याचं होतं. पुस्तकात मात्र रक्त पहिलं आलं. त्यानंतर तीस वर्षांनी डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स निलगिरीत तोडा लोकांकडे गेला. वंशावळी मांडायची पद्धत त्यानंच घडवलेली, आणि तोडांनी तीच कोड्यात टाकली. तिथं एका बाईचे अनेक नवरे असत, बहुधा सख्खे भाऊ. मग मुलाचा बाप कोण? तोडांना हा प्रश्न पडतच नव्हता. बाई गरोदर असताना, सातव्या महिन्याच्या सुमाराला, रानात एका झाडाच्या बुंध्यात कोनाडा कोरून त्यात दिवा ठेवायचा. नवऱ्यांपैकी एकानं काटकीचं छोटंसं धनुष्य आणि गवताच्या काडीचा बाण करून तिच्या हातात द्यायचा, तिनं तो कपाळाला लावायचा आणि दिवा विझेपर्यंत त्याकडे पाहत राहायचं. ज्यानं धनुष्य दिलं तो बाप. त्या मुलाचा, आणि दुसऱ्या कुणी धनुष्य देईपर्यंत पुढं होणाऱ्या साऱ्या मुलांचा. मधे तो मेला तरी बाप तोच. रिव्हर्सनं हे सगळं १९०६ च्या आपल्या ग्रंथात बारकाईनं टिपलं आहे. त्यात कुणी कुणाला फसवत नाही की स्वतःची समजूत घालत नाही, एवढं वाचकानं ध्यानात ठेवावं. मूल कसं होतं हे तोडांना ठाऊक होतं. बाप कसा होतो, हा त्यांच्या लेखी वेगळा प्रश्न होता.

इथं पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. डोंगरातल्या एका छोट्या जमातीवरून साऱ्या माणसांबद्दल बोलायचं का? नमुनेदार चालीरीतींची प्रदर्शनं भरवणं हा या शास्त्राचा जुना रोग आहे, हे मान्यच करायला हवं. म्हणून आपल्याच घरातलं बघू. मुंबई इलाख्यात विधवेला, नवऱ्यानं मना केलेलं नसेल तर, त्याच्या परवानगीशिवायही दत्तक घेता येई. बंगालमध्ये नवऱ्यानं हयातीतच तशी मुभा दिलेली लागे. पण दत्तक जायचा तो मेलेल्या नवऱ्याला, तिला नव्हे. कायदा याच्याही पुढं जाई: दत्तक कधीही घेतलेला असो, तो नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवसापासूनच त्या घरात होता असं धरायचं. १९४३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढं याच इलाख्यातल्या एका पाटील घराण्याच्या वतनाचा दावा आला. घरातला शेवटचा मुलगा १९१७ मध्ये अविवाहित मेला, मिळकत दूरच्या भाऊबंदाकडे गेली, आणि त्या मुलाच्या विधवा आईनं तेरा वर्षांनी, १९३० मध्ये, दत्तक घेतला. मिळकत मधल्या माणसाच्या हातून काढून या मुलाला द्यायची का? लंडनमधल्या न्यायमूर्तींनी सांगितलं, होय. म्हणजे बाप मेल्यावर किती तरी वर्षांनी बापाला मुलगा झाला आणि झाला तो मागच्या तारखेनं. मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्डनं तेव्हाच्या सुदानमधल्या नुएर लोकांबद्दल १९५१ मध्ये लिहिताना अशीच एक रीत नोंदवली आहे: निपुत्रिक मेलेल्या माणसाच्या नावानं त्याचा भाऊबंद लग्न करतो, आणि होणारी मुलं मेलेल्याची मानली जातात. तिला ‘भूतविवाह’ असं नाव पडलं. आपल्या रीतीला नाव पडलं ‘कायदा’.

दत्तकाचं मानणं केवढ्या थराला जाऊ शकतं आणि न मानणं केवढ्या, याचे दाखले तर मराठी इतिहासाच्या मधोमध पडलेले आहेत. १८४८ मध्ये साताऱ्याचे राजे आप्पासाहेब वारले. मरणाआधी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीनं म्हटलं, खासगी मालमत्तेचा वारस म्हणून चालेल, राज्याचा म्हणून नाही, आणि राज्य खालसा केलं. एकच मुलगा घरात मुलगा आणि गादीवर परका. पुढं धोरण बदललं. १८७५ मध्ये बडोद्याच्या जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातला मुलगा निवडला. तो सयाजीराव झाला. १८८४ मध्ये कोल्हापूरच्या आनंदीबाईंनी कागलच्या घाटग्यांचा मुलगा घेतला. तो शाहू झाला. आधुनिक मराठी समाजाला ज्या दोन राजांचा सर्वांत अभिमान वाटतो ते दोघेही विधवा राण्यांनी निवडलेले आहेत, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात असते पण तिच्याकडे कुणी थांबून पाहत नाही. निवड बायकांनी केली, वंश मात्र मेलेल्या पुरुषांचा चालला.

बायकांच्या बाजूनं पाहिलं की ‘रक्ताचं नातं कायमचं’ या वाक्यातला ‘कायमचं’ हा शब्द डळमळू लागतो. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा मुलगा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. बोटभर रेघोट्या, पण तेवढ्यानं गोत्र बदलतं, कुलदैवत बदलतं, आणि सुतकही बदलतं. लग्न झालेल्या मुलीला आईबापांचं सुतक तीन दिवसांचं. ज्या सासऱ्याला काल-परवा ओळखू लागली त्याचं दहा. रक्त जर दिवसांत मोजायचं तर ते तांदळाच्या ताटात एका सकाळीत आटलं म्हणायचं. अर्ध्या माणसांचं रक्ताचं नातं लग्नाच्या एका दिवसात दुय्यम ठरत असेल, तर ते निसर्गाचं देणं आहे हे सांगणारा माणूस बहुधा ज्याला घर सोडावं लागत नाही तो असणार. इरावती कर्व्यांचा भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा १९५३ चा ग्रंथ या अंगानं आजही ताजा वाटतो. उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार पट्टे त्यांनी पाडले आणि महाराष्ट्र मध्य पट्ट्यात ठेवला: भाषा उत्तरेची, पण मामाच्या मुलीशी लग्नाची मुभा दक्षिणेसारखी. याची खूण शब्दांतच उरली आहे. जुन्या वळणाच्या घरात सून सासऱ्याला मामंजी म्हणे आणि सासूला आत्याबाई. आत्याच्या घरी सून होऊन जायची रीत जिथं होती तिथं हे शब्द अक्षरशः खरे होते. जिथं ती मोडली तिथंही शब्द राहिले आणि परक्या घराला माहेरच्या ओळखीचा रंग देत राहिले. सून सगी की सोयरी की मानलेली? या एका हाकेत तिन्ही फळ्या एकत्र आलेल्या आहेत.

याच कर्व्यांनी ‘परिपूर्ती’ नावाचा ललित लेख लिहिला. अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, ह्यांची पत्नी अशी स्वतःची ओळख ऐकत आलेल्या बाईला शेवटी रस्त्यावरची शाळकरी मुलं वर्गातल्या ‘कर्व्याची आई’ म्हणून ओळखतात आणि तिला पूर्ण झाल्यासारखं वाटतं, असा त्याचा गाभा. देशभर माणसांची मापं घेत आणि वंशावळी टिपत फिरलेल्या विदुषीला परिपूर्ती दिसावी ती तिथं, याचं अनेकांना नवल वाटतं. मला त्या लेखात समाधानाइतकाच खट्याळपणाही दिसतो; पण तो वाचकावर अवलंबून. मुद्दा असा की नात्यांच्या जाळ्यात पुरुष गाठ म्हणून उभा असतो आणि बाई धागा म्हणून, ही गोष्ट त्यांनी ग्रंथात कोष्टकांनी आणि लेखात स्वतःला पुढं करून दाखवली. त्याच सुमारास, १९४९ मध्ये, लेव्ही-स्ट्रॉसनं पुरुषांच्या गटांनी बायकांची देवघेव करणं हाच नातेव्यवस्थेचा पाया आहे असं मांडलं होतं. गेल रुबिननं १९७५ मध्ये त्याच्यावर बोट ठेवलं: देवघेव होते हे बरोबर सांगितलंस, पण कुणी द्यायचं आणि कुणाला द्यायचं हे जिथं ठरतं तिथंच बाई आणि पुरुष घडवले जातात, हे सांगायचं राहून गेलं. नातं आणि लिंगभाव ही दोन प्रकरणं नाहीत, हे त्यानंतर या शास्त्रात सर्वसाधारणपणे मान्य झालं.

आता कुणी म्हणेल, मग बाईला पुरुषाच्या जागी बसवलं की झालं. नुएरांमध्ये ते केलेलं आहे. मूल न झालेली, गुरंढोरं राखून असलेली बाई गुरं देऊन दुसऱ्या बाईशी लग्न करते, कुणा पुरुषाला मुलं होण्यापुरतं बोलावते, आणि मुलं तिला बाप म्हणतात. भावाच्या मुलीच्या लग्नात चुलत्याचा गुरांचा वाटा तिला मिळतो. ऐकायला फार मुक्त वाटतं. पण ती बाई बाप होण्यासाठी पुरुष मानली जाते. बापाची खुर्ची पुरुषाचीच राहते आणि चूल तिच्या बायकोकडे राहते. असाच गुंता आपल्या दारातही आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडायची रीत उत्तर कर्नाटकात आणि कोल्हापूर-सांगलीच्या दलित वस्त्यांत होती. ल्युसिंडा रॅमबर्गनं २०१४ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की देवीशी लग्न लागलेली जोगतीण माहेरीच राहते, घर चालवते, वाटणी मिळवते, आईबापांचं मागचं करते. म्हणजे घरात मुलाची जागा घेते. ही मांडणी ऐकून संताप येणाऱ्यांचं मी समजू शकतो. पोरवयातल्या मुलीचा देह ज्यात पणाला लागतो त्याला नातेव्यवस्थेतली सोय म्हणायचं? १९३४ पासून मुंबई इलाख्यानं आणि पुढं १९८२ मध्ये कर्नाटकानं, २००५ मध्ये महाराष्ट्रानं यावर बंदी घालणारे कायदे केले ते उगाच नव्हे. पण बंदी घालतानाही एक प्रश्न उरतो: सोडलेल्या मुलीला जी वारसाची जागा मिळत होती ती साध्या, लग्न न झालेल्या मुलीला का मिळत नव्हती? देवीकडे जाण्याची किंमत देऊन जो हक्क मिळवावा लागला तो हक्क मुळात तिचा होता. शोषण आणि नातं ही दोन्ही तिथं एकाच वेळी खरी होती. एकाचा उच्चार दुसऱ्याला माफी देत नाही.

‘निवडलेलं कुटुंब’ हा शब्दप्रयोग चलनात आला तो कॅथ वेस्टनच्या १९९१ च्या पुस्तकामुळं. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या समलिंगी स्त्री-पुरुषांमध्ये तिनं ऐंशीच्या दशकात काम केलं. घरी सांगितल्यावर ‘तू आमचा नाहीस’ असं ऐकलेली माणसं, आणि त्यात एड्सची साथ. आजाऱ्याला भरवणारे, अंथरूण बदलणारे जवळ होते. इस्पितळात सही करायला मात्र दहा वर्षं न बोललेला भाऊ बोलवावा लागे. त्याआधी १९७४ मध्ये कॅरल स्टॅकनं अमेरिकेतल्या गरीब काळ्या वस्तीत मुलं, कपडे, पैसे आणि झोपायच्या जागा एकमेकांत फिरवत जगणाऱ्या बायकांची जाळी दाखवली होती. तिथंही रक्ताचे काही नातलग जाळ्याबाहेर आणि बिनरक्ताचे आत. डेव्हिड श्नायडर तर १९८४ मध्ये म्हणाला की आपण मानववंशशास्त्रज्ञ ‘रक्त’ नावाची युरोपी समजूत सोबत घेऊन जगभर फिरलो. पॅसिफिकमधल्या याप बेटावरच्या आपल्याच जुन्या लेखनाला त्यानं चूक ठरवलं: ज्याला आपण बाप-मुलाचं नातं म्हटलं ते जमिनीवर राबण्यानं टिकत होतं आणि न राबल्यास तुटत होतं. मलेशियाच्या लंकावी बेटावर जॅनेट कार्स्टनला तर रक्तच भाताचं बनलेलं आढळलं. एका चुलीवरचा भात खात राहणारे हळूहळू एका रक्ताचे होतात, असं तिथले लोक मानतात. आपल्याकडची ‘एका ताटात जेवलेले’ ही बोलायची रीत इथं आठवल्यावाचून राहत नाही.

यावरचा भारी आक्षेप असा: सगळीच नाती मानलेली म्हटली तर नातं आणि मैत्री यांत फरक काय राहिला? रिक्षावाल्याला दादा, शेजारणीला काकू, घरकाम करणारीला मावशी म्हणणारे आपण. त्या मावशीला किती घरांत वेगळा कप असतो हे सर्वांना ठाऊक आहे. हाक म्हणजे नातं नव्हे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण म्हणून कसोटी रक्ताची लावायची गरज नाही, बंधनाची लावावी. ज्याच्यापायी दंड भरावा लागतो, सुतक धरावं लागतं, ज्याच्या मागं काही मिळतं आणि ज्याच्याशी लग्न चालत नाही, ते नातं. या कसोटीवर हिजडा समाजाचं घराणं पारखून पाहावं. सेरेना नंदानं मुंबईत सात घराणी नोंदवली आहेत. रीत झाल्यावर माणूस गुरूचा चेला होतो, आणि त्याबरोबर आपोआप गुरुभाई मिळतात, गुरूचा गुरू मिळतो, पुढं स्वतःचे चेले आणि नातीचेले होतात. कमाईचा वाटा गुरूला जातो. गुरू बदलायचा तर दंड भरावा लागतो. आवडेल त्याला आई म्हणून ‘दूधबेटी’ होण्याची वेगळी, हळवी सोयही आहे. यात भावकी आहे, पंच आहेत, बहिष्कार आहे. मैत्रीत यातलं काही नसतं.

आणि ही नाती कोर्टांनीही मानलेली आहेत, हे फारसं कुणाला माहीत नसतं. १९९० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं आणि २०१६ मध्ये हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयानं मयत हिजड्याच्या मालमत्तेवर गुरू-चेल्याच्या परंपरेनुसार चालत आलेला हक्क उचलून धरला. मग २०१९ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला. त्यात कुटुंबाची व्याख्या आहे: रक्तानं, लग्नानं किंवा कायदेशीर दत्तकानं जोडलेली माणसं. ज्यांच्या नावानं कायदा केला त्यांचंच घर व्याख्येबाहेर राहिलं. याच कायद्यात असंही आहे की घरच्यांना सांभाळणं जमत नसेल तर कोर्टानं त्या व्यक्तीला पुनर्वसन केंद्रात पाठवावं. गुरू-चेले एकत्र राहतात तो डेरा हा तिसरा पर्याय त्यात नाही. घराण्यात चेल्यांची पिळवणूक होते, गुरू कमाई ओरबाडतात, असं याच्या समर्थनार्थ सांगितलं जातं. होते. समाजातल्याच अनेकांनी ते आत्मचरित्रांत लिहिलं आहे. पण सासुरवासानं किती सुना जळाल्या हे पाहून आपण कुटुंब नावाची गोष्ट व्याख्येतून काढली नाही. १९८३ मध्ये कलम ४९८-अ आणलं. एका ठिकाणी छळ झाला की छळ करणाऱ्याला शिक्षा आणि दुसऱ्या ठिकाणी झाला की नात्यालाच नकार, हा न्याय मला कळत नाही.

निवड या शब्दाला आपल्याकडे आणखी एक कुंपण आहे, जातीचं. २६ जानेवारी २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारनं ‘सगेसोयरे’ या शब्दाची व्याख्या करणारा अधिसूचनेचा मसुदा काढला. मराठा आरक्षणासाठी निघालेला लाखोंचा मोर्चा मुंबईच्या वेशीवर येऊन थांबला होता आणि मंत्रालयात खल चालला होता तो नातेव्यवस्थेच्या एका शब्दावर. मानववंशशास्त्राच्या वर्गात हे सांगितलं तर विद्यार्थी हसतील. त्या व्याख्येत वडील, आजोबा, पणजोबा आणि सजातीय लग्नातून जोडलेले नातलग होते. आरक्षणाच्या वादात इथं शिरायचं कारण नाही. पण सगेसोयरे कोण हे ठरवताना बापाची बाजू धरायची आणि लग्न जातीतलंच मोजायचं, हे त्या एका वाक्यात जितकं उघड लिहिलं गेलं तितकं एरवी लिहिलं जात नाही. यशवंतच्या बाबतीतली हरकत याच जातकुळीची होती.

विज्ञानाचा आधार घेऊन कुणी म्हणेल की आता डीएनए चाचणी आहे, वाद कशाला. तर १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचं कलम ११२ पाहावं: लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल, नवरा-बायकोची गाठच पडणं अशक्य होतं असं सिद्ध झाल्याशिवाय, नवऱ्याचंच मानायचं. २०२३ च्या नव्या कायद्यातही ही तरतूद कायम आहे, आणि कोर्टं बहुतेक वेळा तिला घट्ट धरून असतात. मुलाला अनौरस ठरू द्यायचं नाही हा तिचा हेतू चांगलाच आहे. पण ती तोडांच्या धनुष्यापेक्षा वेगळी कशी, हे सांगता येणार नाही. जनुकांना काही अर्थ नाही असं माझं म्हणणं नाही. वारशानं येणारा आजार मानण्या-न मानण्यावर चालत नाही. एवढंच की जनुकांतून आजार वाहतो, टिटवं वाहत नाही.

गेल्या काही वर्षांत आपली न्यायालयं या वाटेवर अडखळत चालली आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये एका परिचारिकेच्या बाळंतपणाच्या रजेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की कुटुंब अविवाहित जोडप्याचं किंवा समलिंगी नात्याचंही असू शकतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायचं नाकारलं. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं, घरच्यांनी अडकवून ठेवलेल्या एका तरुणीच्या खटल्यात, लग्न हा कुटुंब उभारायचा एकमेव मार्ग नाही असं सांगून ‘निवडलेलं कुटुंब’ ही कल्पना उचलून धरली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर कुणालाही न विचारता सोय करून ठेवलेली आहे: माणसाला आपला प्रतिनिधी म्हणून कुणाही सज्ञान व्यक्तीचं नाव लिहून देता येतं, नातं असो वा नसो. वेड लागलं तर आपलं माणूस आपण निवडावं, एरवी नाही, असा याचा अर्थ काढायचा मोह होतो.

शहाणपणी काय होतं ते १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात दिसतं. जिवंतपणी मूत्रपिंड द्यायचं तर जवळचे नातलग कोण याची यादी त्यात आहे: नवरा, बायको, आईबाप, मुलं, भावंडं; पुढं आजी-आजोबा आणि नातवंडं आली. यादीतल्या माणसानं नातं सिद्ध केलं की पुरे, प्रेम आहे का असं त्याला कुणी विचारत नाही. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकांचं प्रमाण आपल्याकडे फार मोठं आहे. आई, बायको, बहीण. त्यांच्याबाबत प्रेम गृहीतच आहे. नाही म्हणायची त्यांना कितपत मोकळीक असते, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? यादीबाहेरच्या माणसाला मात्र समितीपुढं जावं लागतं आणि आपण हे जिव्हाळ्यापोटी करतो आहोत असं पटवून द्यावं लागतं. वीस वर्षं एका छपराखाली राहिलेल्या मैत्रिणी, गुरू आणि चेला, लग्न न लावता आलेलं जोडपं, सगळे या रांगेत. पैशाचा व्यवहार रोखायचा म्हणून समिती हवीच, यात वाद नाही. जिव्हाळ्याचा पुरावा म्हणून ती काय पाहते हे नियमांतच दिलेलं आहे: देणारा आणि घेणारा एकत्र असलेले जुने फोटो.